निरोप आला तर पुढं

मी संरक्षणशास्त्र शिकवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडं बघतो, मग चेहऱ्याकडं, आणि मग हळूच विचारतो, ‘म्हणजे सर, पोलीस भरतीचं का?’ मी हो म्हणून मोकळा होतो. आखाडा बाळापूरच्या बाजारात, हातात मेथीची जुडी धरून, अण्वस्त्रांची नीती समजावून सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

विषय मात्र खरा आहे आणि आमच्या भागातल्या कॉलेजांत बऱ्यापैकी चालतो. पोरं तो का घेतात हेही मला पक्कं ठाऊक आहे. प्रॅक्टिकलचे मार्क हमखास पडतात, नकाशावर रंगीत पेन्सिली फिरवायला मिळतात, आणि भरतीची तयारी करतोय असं घरी सांगायला बरं पडतं. डोंगरकड्याकडून, कळमनुरीकडून, आजूबाजूच्या तांड्यांवरून पोरं-पोरी येतात. मी स्वतः कधी वर्दी घातलेली नाही. तरुणपणी भरतीला गेलो होतो, तळपाय सपाट निघाले आणि आल्या पावली परत आलो. विमानात तर अजून बसलेलोच नाही. आमच्या जिल्ह्यावरून विमानं नुसती जातात. उन्हात एक पांढरी रेघ उमटते, आणि हळदीच्या रानात वाकलेला माणूस कमरेवर हात ठेवून ती रेघ पुसट होईपर्यंत बघत राहतो. मीही बघतो. एवढी वर्षं शिकवूनसुद्धा माझं नवल काही संपलं नाही.

त्यातही सगळ्यात जास्त नवल एका धड्याचं. ‘राष्ट्रीय संरक्षणनीतीत लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांचे स्थान’ असं त्याचं अवजड नाव. धडा शिकवायच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर येरझाऱ्या घालत मोठ्यानं तयारी करतो. सवयच आहे माझी. मनातल्या मनात केलेली तयारी वर्गात गेल्यावर कुठं पळून जाते कळत नाही. बायको आत भाकरी थापत असते, नाहीतर भाजी निवडत असते, आणि तिचं माझ्याकडं लक्ष नसतं असं मला वाटायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच हा धडा असा घोळवत होतो तेव्हा आतून आवाज आला, ‘आवो, पल्ला लांब कसा असंल? पल्ला तर ज्वारीचा असतो.’

तिचं माहेर डोंगरकड्याचं. तिच्या घरी बोलताना धान्य पायली-पल्ल्यानंच मोजायचे. गाडीत किती पल्ले बसले, खळ्यावर किती पल्ले निघाले, असं. तिला वाटलं, विमानात किती पल्ले माल बसतो तेच मी शिकवून राहिलोय. मी आधी पोटभर हसलो. मग वाटलं, हसण्यासारखं त्यात फारसं नाही, कारण या विमानांची सगळी अडचण तीच असते. लांब जायचं तर इंधन जास्त भरावं लागतं, आणि इंधन जास्त भरलं की ओझं कमी न्यावं लागतं. एक पल्ला वाढवला की दुसरा घटतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसंच सांगितलं आणि पोरं खदखदून हसली, पण परीक्षेत कुणी चुकलं नाही. घरी येऊन तिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मंग अर्धा पगार माझ्याकडं द्या.’

या धड्याला मी पृथ्वीचा गोल वर्गात नेतो. कॉलेजचा गोल जुना आहे, पॅसिफिक महासागरात त्याला एक पोचा पडलाय. एका पोरीला बाळापूरवर बोट ठेवायला सांगायचं. बाळापूर त्यावर अर्थातच नाही, पण अंदाजानं ठेवायचं. दुसऱ्याला सांगायचं, तुला वाटेल तो दूरचा देश धर. मग दोघांमध्ये दोरा ताणायचा. भिंतीवरच्या नकाशात जी वाट सरळ पूर्वेला जाते असं वाटतं, ती गोलावर भलतीकडूनच, पार बर्फाच्या बाजूनं जाते. पोरं अवाक होतात. दरवर्षी होतात, आणि दरवर्षी त्यांच्याबरोबर मीही होतो.

‘सर, एवढं लांब एकाच दमात?’

एकाच दमात. उडता उडता दुसरं विमान जवळ येतं आणि नळीनं त्याला इंधन पाजतं. ही विमानं दीड-दीड दिवस जमिनीला टेकत नाहीत. काहींमध्ये तर दोनच माणसं असतात. अर्धी पृथ्वी ओलांडून जायचं, काम करायचं आणि तसंच परत यायचं. घरी मी हे सांगितलं तेव्हा बायकोनं विचारलं, ‘दोघंच? मंग झोपतात कवा?’ मी म्हणालो, पाळीपाळीनं, मागं आडवं व्हायला इवलीशी जागा असते. ‘आन् जेवण?’ डबा नेतात. ‘घरचा?’ ती बराच वेळ त्या दोघांचाच विचार करत होती. मला विमान दिसत होतं आणि तिला त्यातले दोन जण दिसत होते, ज्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत बसलंय. ज्यांच्या गावावर ते ओझं पडतं त्यांच्या बाजूनं बघितलं तर तिसरंच काहीतरी दिसतं, आणि मग नवल कुठल्या कुठं जातं. मी पोरांना हे सगळं सांगतो. नुसतं नवल सांगितलं तर ती शिकवणी नव्हे, जाहिरात होईल.

आपल्या देशाकडं असली खंड ओलांडून जाणारी अवजड विमानं नाहीत. असावीत का, यावर मी दरवर्षी वर्गात वाद घडवतो. एक गट म्हणतो, आपली भांडणं शेजाऱ्यांशी, त्याला एवढा लांब पल्ला काहून पाहिजे? लहान विमानांना हवेत इंधन पाजलं तरी भागतं, आणि क्षेपणास्त्रं आहेतच. दुसरा गट म्हणतो, समुद्र केवढा मोठा हाय सर, आपली जहाजं कुठं कुठं जातात, त्यांच्या पाठीशी लांब हात नको का? भांडण रंगात आलं की मी मध्ये पडत नाही. एकदा तर तास संपून पुढच्या सरांनी दार वाजवलं तरी थांबले नाहीत.

पण माझ्या अंगावर काटा येतो तो या वादानं नव्हे. क्षेपणास्त्र एकदा सुटलं की सुटलं. त्याला मागून हाक मारता येत नाही. बॉम्बर विमानाला हाक मारता येते. म्हणून ज्या राष्ट्रांकडं ती आहेत ती काय करतात, तर तंटा वाढला की नुसती उडवतात. शत्रूला दिसतील अशी उडवतात. मारलेलं नसतं, पण मारू शकतो हे सांगून झालेलं असतं, आणि दोन्हीकडच्या माणसांना डोकं ठिकाणावर आणायला वेळ मिळतो. शीतयुद्धात अशी विमानं एका ठरलेल्या रेषेपर्यंत जायची. नियम असा, की रेषेवर पोचल्यावर ‘पुढं जा’ असा स्पष्ट निरोप आला तरच पुढं जायचं. तो आला नाही तर माघारी फिरायचं. यंत्र बिघडलं असेल, आवाज पोचला नसेल, निरोप देणाराच उरला नसेल, कारण काहीही असो. काही कळत नाही म्हणजे घरी परत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. माणसानं केलेलं एवढं भयंकर हत्यार, आणि ते करणाऱ्यांना सुद्धा इतकं सुचलं, की गप्प राहण्याचा अर्थ ‘परत या’ असा लावायचा. मला त्या नियमाच्या पाया पडावंसं वाटलं. वर्गात मी त्याचं सोपं वाक्य केलं: निरोप आला तर पुढं, नाही आला तर मागं. पोरांना ते एवढं आवडलं की कॉलेजात त्याची म्हणच झाली. कॅन्टीनला चहाला जायचं की नाही, यावरसुद्धा तेच ऐकू यायचं.

माझी मुलगी याच वर्गात होती. दुसऱ्या बाकावर, खिडकीकडं. वर्गात मला ‘सर’ म्हणायची आणि घरी येईपर्यंत ‘पप्पा’ म्हणायची नाही, रस्त्यात भेटली तरी. सर्वांसमोर मी तिला कधी प्रश्न विचारला नाही आणि तिनं कधी शंका विचारली नाही. शंका ती रात्री ताटावर बसल्यावर काढायची. पदवी झाल्यावर तिनं हवाई दलात अधिकारी व्हायचं ठरवलं. लेखी परीक्षेत आधी अपयश आलं. मग पास झाली, पण मुलाखतीतून परत आली. शेवटी पुन्हा बोलावणं आलं, देहरादूनला. वयाची अट बघता त्यानंतर तिला बसता येणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

ते हळद शिजवायचे दिवस होते. गावाबाहेर जिकडंतिकडं वाफा निघत होत्या आणि त्यांचा उग्र वास घराघरात शिरत होता. बायकोला छातीत गाठ लागली. तिनं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही, मग अंगणात वाळवण घालता घालता मला सांगितलं, जशी गॅस संपल्याची गोष्ट सांगावी तशी. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तिथला तुकडा काढून तपासायला मोठ्या शहरात पाठवला. टाके पडले. रिपोर्ट आला की मी स्वतः फोन करीन, म्हणाले. नेमकी मुलीच्या निघण्याच्याच दिवशी फोन येण्याची चिन्हं होती.

मुलगी अडून बसली. ‘रिपोर्ट आल्याशिवाय मी जाणार न्हाई.’

‘काहून? तू वाचल्यानं बदलणार हाय का त्यो?’ आई म्हणाली.

‘तुझ्याजवळ कोण?’

‘तुझे पप्पा हायत की.’

मुलीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाईट वाटायला हवं होतं, पण ती चुकीची नव्हती. मी चहा करायला गेलो तर साखरेऐवजी मीठ टाकणारा माणूस. दोन दिवस घरात याच्यावरून धुसफूस चालली. शेवटी आईच्या हट्टापुढं पोरीनं बॅग भरली. तिच्या स्वतःच्या फोनची बॅटरी तासभरही टिकत नव्हती, म्हणून आईनं आपला फोन तिच्या पिशवीत टाकला. घरात माझा एकच फोन राहिला.

सकाळी मी तिला नांदेडला गाडीत बसवून दिलं. टाके ओले असल्यामुळं बायको आली नाही. मुलगी खिडकीशी बसली. मी बाटलीत पाणी भरून दिलं, शेंगदाणे दिले, मग द्यायला काही उरलं नाही म्हणून नुसता उभा राहिलो. गाडी हलायच्या जरा आधी ती म्हणाली, ‘पप्पा, मनमाडपर्यंत निरोपाचं तेवढं बघा.’

‘बघतो, बघतो,’ मी म्हणालो.

मला वाटलं, आई स्टेशनवर आली नाही, तिचा निरोप घेताना दोघींनीही घाईच केली होती, तर आईला माझा निरोप नीट सांगा असं ती म्हणतेय. मनमाडचं म्हणाल तर मी त्याच्यावर विचारच केला नाही. तिथपर्यंत फोनला बराबर रेंज असते म्हणून म्हणाली असेल, असं काहीतरी मनात आलं आणि गेलं. गाडी गेल्यावर मी बस धरून बाळापूरला आलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, ‘तिनं तुला निरोप सांगितलाय.’

‘काय?’

‘असाच. निरोप.’

‘असाच निरोप कसा असतो?’ ती म्हणाली, आणि तेवढ्यात कुणीतरी शेजारीण तब्येत विचारायला आली म्हणून ते राहून गेलं.

दुपार कलल्यावर डॉक्टरांचा फोन आला. मी ओट्यावर होतो. त्यांचा आवाज फार मऊ होता, त्यावरूनच मला कळलं. गाठ चांगली नाही, म्हणाले. पण लवकर आलात, इलाज आहे, पुढच्या आठवड्यात सुरू करू. मी ‘हो सर, हो सर’ एवढंच म्हणत होतो, जसं काही तेच माझे शिक्षक होते. फोन ठेवून वळलो तर बायको दारात उभी.

‘वाईट हाय ना?’

मी मान हलवली. सगळं सांगितलं. खोटं बोलण्याची माझी लायकी नाही. तिनं ऐकून घेतलं, आत गेली, गॅसवरचं दूध उतू जायला आलं होतं ते बंद केलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि परत येऊन खाली चटईवर बसली. भिंतीला टेकली. टाक्यांच्या बाजूचा हात तिनं मांडीवर जपून ठेवला होता.

मग मला एक सुचलं आणि मी ते मोठी युक्ती काढल्यासारखं तिला सांगितलं. ‘पोरीला आत्ता कळवायचंच न्हाई. मी फोन बंद करून ठेवतो. तिनं केला तरी लागणार न्हाई. मी बोललो तर आवाजावरून वळखंल ती. काही कळलं न्हाई म्हणजे सुखानं जाईल पुढं.’ आणि मी खरंच फोन बंद केला. स्क्रीन काळी झाली तेव्हा मला जरा हलकंही वाटलं.

बायको माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘निघताना काय म्हणली ती? बराबर सांगा. तिचे शब्द सांगा.’

‘म्हणली, निरोपाचं बघा.’

‘एवढंच?’

‘मनमाडपर्यंत निरोपाचं तेवढं बघा.’

ती ताठ झाली. हात मांडीवरून उचलायला गेली आणि टाक्यांमुळं कळवळली, पण आवाज चढलाच. ‘आवो! तुमीच शिकवलं ना तिला! निरोप आला तर पुढं, न्हाई आला तर मागं! दरसाल ओट्यावर घसा फोडून सांगता. पोरगी मनमाडला उतरून माघारी येऊन राहिली, आन् तुमी फोन बंद करून बसले!’

मी हा धडा किती वर्षं शिकवत होतो. त्याचा एकेक शब्द माझा होता. पण त्या क्षणी मला आधी मुलीवर विश्वास बसेना, मग स्वतःवर. अर्थात तसंच. तिनं आमच्यासमोर पाय आपटले नाहीत, रडली नाही, मुकाट्यानं बॅग उचलली ती याच्यासाठी. तिनं आपली रेषा ठरवली होती. तिथपर्यंत जायचं. आई बरी आहे, पुढं जा, असं कुणी स्पष्ट सांगितलं तर जायचं. आणि सगळं शांत असलं तर समजायचं की घरी काहीतरी बिघडलंय. फोन बंद लागला म्हणजे तर सोळा आणे. मनमाडहून नांदेडकडं येणारी गाडी तिनं आधीच बघून ठेवली असणार. देहरादूनला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. सगळा खेळ संपला असता आणि संध्याकाळी मी इथं निवांत समजूत करून बसलो असतो की पोरगी सुखात चाललीय.

फोन चालू करायला घेतला. माझा फोन जुना. चालू होताना आधी कंपनीचं चित्र दाखवतो, मग विचार करत बसतो. गाडी कुठं असेल? सकाळची निघालेली, म्हणजे मनमाड आलं असेल, नाहीतर येऊन गेलं असेल. बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

‘मी बोलते.’

‘तू काय सांगशील?’

‘निरोप.’

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहू नये म्हणून पुढचं आत्ताच सांगून टाकतो. बायकोचे इलाज झाले. तकलीफ खूप झाली, केस गेले, ते परत आले तेव्हा कुरळे आले आणि ती आरशात बघून स्वतःवरच हसली. मुलगी आज हवाई दलात रसदीचं काम बघते. कुठं किती माल, किती इंधन, कधी पोचवायचं, ते तिच्या हाताखाली असतं. विमान ती उडवत नाही, आणि बॉम्बर आपल्याकडं नाहीतच. तेव्हा काय झालं याची काळजी करायला नको. पण मी इतकी वर्षं ज्याचं नवल करत आलो ती गोष्ट काय असते, हे मला त्या पुढच्या पाच-सात मिनिटांत दिसलं, आणि ते मी वर्गात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

फोन लागला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. पलीकडं फलाटावरचा गलका होता, चहावाला ओरडत होता.

‘उतरलीस का?’ बायकोनं विचारलं.

‘उतरले. बॅग घेऊन खाली उभी हाय.’ पोरीचा आवाज घट्ट होता. ‘फोन बंद लागून राहिला. आई, काय झालं?’

‘गाडी हाय का समोर?’

‘हाय अजून. आई, रिपोर्ट?’

‘आला.’

‘काय?’

मी हातानं खुणा करून राहिलो होतो, नको सांगू, नको. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीचा टेका सोडून ती सरळ बसली होती. ‘वाईट निघाली. गाठ वाईट हाय. डॉक्टर म्हणले इलाज हाय, पुढल्या हप्त्यात चालू करू. पुढल्या हप्त्यात तू येतीसच. आता चढ.’

पलीकडं चहावाल्याचा आवाज तेवढा जवळ येऊन लांब गेला.

‘मी येते परत,’ पोरगी म्हणाली.

‘काहून?’

‘काहून काय? आई!’

‘निरोप न्हाई आला तर मागं फिरायचं ना? मी देऊन राहिले निरोप. आला ना तुला? आला का न्हाई?’

‘पप्पांनी म्हणायला लावलं तुला.’

‘त्यांनी?’ बायकोच्या तोंडावर त्यातही हसू आलं. ‘त्यांच्या तोंडातून शब्द फुटंना. समोर बसलेत खांबावानी. मी म्हणून राहिले. माझा निरोप हाय ह्यो, माझ्या तोंडचा, समदं कळल्यावर दिलेला. पुढं जा.’

तिकडं गाडीची शिटी झाली. बायको जोरात म्हणाली, ‘चढ!’ शेजारच्या घरापर्यंत गेला असेल आवाज. धावण्याचा, धापांचा, लोखंडाला बॅग आपटल्याचा आवाज आला.

‘चढलीस?’

‘चढले.’

‘दारात थांबू नको. आत जा. तुझ्या जागेवर बस.’

‘बसले.’ पोरगी रडत होती, मोकळेपणी.

‘पाणी पी.’

आम्ही पाणी पिताना ऐकलं. मला त्या वेळी माझी बायको ओळखू येत नव्हती. जगातले मोठमोठे सेनापती, त्यांची खलबतं, त्यांचे कुलूपबंद आदेश मी शिकवले होते, आणि इथं चटईवर, नऊवारीचा पदर खांद्यावरून घसरलेला, एक बाई बसून जे बोलत होती ते ऐकून मला उठून उभं राहावंसं वाटत होतं. पोरीला खरं सांगितलं तर ती मोडेल अशी माझी खात्री होती. हिनं तिला सगळं खरं सांगितलं, आणि तरी पुढं पाठवलं. मला हे जमलं नसतं, आणि अजूनही जमेल असं वाटत नाही.

‘आई, मी ठेवू का?’ पोरगी म्हणाली.

‘नको. राहू दे चालू.’

बायको फोन तोंडाजवळ धरून ऐकत होती. आधी माणसांचा गोंगाट होता, मग एक लांब हिसका बसल्यासारखा आवाज आला, मग चाकं, हळू, मग जरा जोरात, मग एकसारखी. ती मान वाकवून ऐकत राहिली. चाकांचा आवाज चांगला लागल्यावर ती म्हणाली, ‘आता ठेव,’ आणि फोन माझ्या हातात दिला.

‘गाडी लागली पुढं,’ ती म्हणाली. ‘आता मला रडू द्या.’